खाडी न ओलांडलेली ट्राम

बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या एखाद्या कट्ट्यावर ट्रामचा विषय काढून बघावा. पंचाहत्तरी ओलांडलेले दोघे-तिघे लगेच सरसावून बसतात. कोणाला गिरगावातून धोबीतलावाकडे जाणारी ट्राम आठवते, कोणाला लालबागला भर रस्त्याच्या मधोमध उभे राहून तिची वाट बघणे. ड्रायव्हर पायाने घंटा कशी वाजवायचा ते कोणी पाय आपटून दाखवतो. चालत्या ट्राममधून उतरायचे एक तंत्र असते, ते दुसरा समजावतो. आणि एक आण्याचा उल्लेख झाल्याशिवाय ही मैफल उठत नाही.

गंमत अशी की यांच्यापैकी कोणीही ट्राम बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये पाहिलेली नाही. ती इथे कधी आलीच नाही. अंधेरी नाही, घाटकोपर नाही, साधे कुर्ला-वांद्रेसुद्धा नाही. माहीम आणि सायनच्या खाड्यांच्या दक्षिणेला जी मुंबई होती तेवढीच ट्रामची मुंबई. गिरगाव-परळच्या चाळींतल्या कुटुंबांनी पुढे उपनगरांत ब्लॉक घेतले, मुले इथल्या शाळांत शिकली, आणि ट्रामच्या आठवणी सामानाबरोबर उत्तरेला आल्या. ट्रामचे उरलेसुरले उतारू आज बरेचसे अशा ठिकाणी राहतात जिथे तिचा एक फूटही रूळ नव्हता.

म्हणून उपनगरांच्या इतिहासात ट्रामला जागा नाही असे मानले जाते. मला ते पटत नाही. एखादे वाहन कुठवर जाते यावर शहर जसे घडते, तसे ते कुठे थांबते यावरही घडते. ट्राम खाडीशी थांबली, त्याचे परिणाम अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आजही दिसतात. पण त्याआधी तिची स्वतःची गोष्ट.

गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचे. त्यात आगगाडी आहे, ट्राम नाही. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, एका अमेरिकन कंपनीने मुंबईत घोड्यांची ट्राम चालवायचा परवाना मागितला आणि तो तिला मिळालाही. पण ते वर्षच वाईट निघाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले, भाव कोसळले, शेअर बाजारातले फुगे फुटले आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. ट्रामचा परवाना कागदावरच राहिला.

पुढचा प्रयत्न स्टर्न्स आणि किट्रेज या जोडीचा. १८७३ मध्ये ‘बॉम्बे ट्रामवे कंपनी’ उभी राहिली, १८७४ मध्ये इलाखा सरकारने ट्रामचा कायदा केला, आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांची पहिली ट्राम धावली. मार्ग दोन होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. म्हणजे एका टोकाला साहेबांची वस्ती, दुसऱ्या टोकाला बाजारपेठ. कंपनीला शहराची नस नेमकी सापडली होती. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते, आणि तिकीट हा प्रकारच नव्हता. कंडक्टरच्या हातावर पैसे ठेवायचे आणि बसायचे. भाडे पुढे दोन आण्यांवर आले. फुकट्यांची संख्या वाढली तेव्हा तिकिटेही आली.

कंपनीच्या पागेत सुरुवातीला ९०० घोडे होते असे सांगितले जाते. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण हिशेब सोपा आहे. एक किंवा दोन घोडे एक डबा ओढणार, तोही मुंबईच्या मे महिन्यात. जनावर काही तासांत थकते, मग बदली घोडा हवा, बदलीला बदली हवी. रस्त्यावर दिसणाऱ्या एका ट्राममागे पागेत कितीतरी जनावरे चंदी खात उभी असत. घोड्यांच्या ट्रामचा खरा खर्च रुळांचा नव्हताच, तो दाणावैरणीचा आणि नालबंदांचा होता. कुलाब्याला कंपनीचे बिऱ्हाड जिथे होते तिथे आता बेस्टचे ‘इलेक्ट्रिक हाऊस’ उभे आहे.

जॉर्ज किट्रेजबद्दल थोडे आडवळण घ्यावेसे वाटते. ट्रामच्या इतिहासात हा माणूस नुसता भागीदार म्हणून येतो आणि जातो. पण १८८०च्या दशकात सोराबजी शापूरजी बंगाली यांच्याबरोबर त्याने एक निधी उभारला. हिंदुस्थानातल्या स्त्रियांवर स्त्री डॉक्टरांनी उपचार करावेत, हा त्यामागचा हेतू होता. त्याच प्रयत्नांतून डॉ. एडिथ पेची १८८३ मध्ये मुंबईला आल्या आणि १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झाले. घोड्यांचा हिशेब ठेवता ठेवता हा अमेरिकन व्यापारी बायकांच्या इस्पितळाच्या नादी लागला. ट्राम जाऊन साठ वर्षे झाली, इस्पितळ चालू आहे.

विजेची ट्राम मुंबईला उशिरा मिळाली. मद्रासमध्ये ती १८९५ सालीच धावू लागली होती. मुंबईत ट्रामवे कंपनीने १८९९ मध्ये विजेवर जाण्याची परवानगी मागितली, आणि तिथे घोडे अडले. ट्रामवे विकत घेण्याचा हक्क पालिकेकडे राखलेला होता. कंपनीचे म्हणणे, एवढा पैसा घालायचा तर तो हक्क आधी सोडा. पालिकेचे म्हणणे, सोडत नाही, उलट कंपनीच आम्ही घेतो. प्रकरण कायद्याच्या कचाट्यात सापडले आणि काही वर्षे गेली. १९०४ मध्ये इंग्लंडची ‘ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन’ कंपनी पुढे आली. तिने नुसती ट्राम मागितली नाही, शहराला वीज पुरवण्याचा परवानाही मागितला. ७ ऑगस्ट १९०५ रोजी करार झाला. जुनी ट्रामवे ९८ लाख ५० हजार रुपयांना घेतली गेली आणि ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ जन्माला आली. बेस्ट ती हीच.

ट्राम आणि वीज एका हाती देण्यात व्यवहार होता. विजेचे केंद्र उभारायचे तर त्याला खात्रीचे, दिवसभराचे गिऱ्हाईक हवे. घरातले दिवे संध्याकाळी लागतात आणि रात्री मालवतात. ट्राम मात्र पहाटेपासून वीज खाते. जगातल्या अनेक शहरांत त्या काळी वीज कंपन्यांनी ट्राम याच कारणाने चालवल्या. मुंबईच्या कंपनीने वाडीबंदरला वाफेवर चालणारे वीजकेंद्र उभारले, आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम पालिकेच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली. पागेतल्या जनावरांचे दिवस भरले.

त्या यंत्राकडे नीट बघितले तर त्याचा साधेपणा मोहवतो. रस्त्यावर ताणलेली एक तार. ट्रामच्या टपावरून वर गेलेला एक दांडा, त्याच्या टोकाला तारेवरून घरंगळणारे छोटे चाक. वीज तारेतून दांड्यात, दांड्यातून ड्रायव्हरच्या हातातल्या नियंत्रकाकडे, तिथून डब्याच्या पोटाखालच्या मोटरींत, आणि चाकांतून रुळांत उतरून केंद्राकडे परत. दोन तारांचे काम एका तारेत भागायचे, दुसरी तार म्हणजे रूळच. दांडा तारेवरून निसटला की दिवे जात, ट्राम जागच्या जागी थांबे, आणि कंडक्टर मागे जाऊन दोरी खेचत दांडा पुन्हा तारेवर बसवी. पोरे हा खेळ बघायला थांबत.

डब्याला पुढचे-मागचे असे काही नसे. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर आपला हँडल काढून घेई आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राही. दांडा फिरवला जाई, बाकांच्या पाठी इकडच्या तिकडे ढकलल्या जात, आणि परतीचा प्रवास सुरू. पावसाळ्यात रूळ ओले झाले की लोखंडावर लोखंड घसरते, त्यासाठी चाकांसमोर वाळू सोडायची. रस्त्यावर पाणी तुंबले की पोटाखालच्या मोटरींना धोका. हिंदमाताचे पाणी ही काही आजची तक्रार नव्हे.

सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. वरच्या मजल्यावरून शहर बघण्याची चैन ज्यांनी केली ते लोक अजून त्याबद्दल हातवारे करून बोलतात. १५ जुलै १९२६ रोजी याच कंपनीने अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सोडली. पण बस तेव्हा बऱ्या स्थितीतल्या लोकांची समजली जाई. गिरणीकामगार, कारकून, भाजीची पाटी घेतलेली बाई, शाळकरी मुले यांची गाडी ट्राम. सावकाश जाणारी, स्वस्त, आणि थांब्यावर थांबण्याआधीच अर्धी रिकामी होणारी.

उत्तरेला ती दादरपर्यंत आली. ‘दादर टीटी’ हे नाव बसच्या पाट्यांवर आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी आजही आहे. त्यातली दोन अक्षरे म्हणजे ट्राम टर्मिनस, हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने आणखी पुढे का जावे, याला उत्तर नव्हते. खाडीपलीकडे साष्टी (इंग्रजांचे साल्सेट), म्हणजे दुसरा कारभार, दुसरी गावे, भातखाचरे, मिठागरे, कोळीवाडे. कंपनीचा परवाना मुंबई शहराचा होता. आणि तिथे रेल्वे आधीच पोचली होती. १८५३ मध्ये ठाण्याची गाडी पूर्वेच्या बाजूने गेली होती. पश्चिमेला १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल येऊ लागली होती. पुढे रेल्वे विजेवरही गेली: १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला, १९२८ च्या जानेवारीत पश्चिमेला बोरिवलीपर्यंत.

म्हणजे शहर ट्रामने विणले गेले, उपनगरे आगगाडीने. फरक मोठा आहे. ट्राम दर फर्लांगभराला थांबते, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना सलग दुकाने, चाळी, इराणी हॉटेले उभी राहतात. आगगाडी मैल-दीड मैलाने थांबते. म्हणून उपनगरात आधी स्टेशन, मग स्टेशनाभोवती बाजार, आणि बाकीचे गाव टांग्याच्या अंतरावर. लालबाग ते भायखळा चालत गेलात तर वस्ती कुठे तुटत नाही. अंधेरीत मात्र पत्ता सांगताना आजही पहिला प्रश्न असतो, ‘ईस्ट की वेस्ट?’ आणि दुसरा, ‘स्टेशनपासून किती?’

स्टेशन ते गाव ही उणीव ट्रामने भरून काढता आली असती. महाराष्ट्रातच तसे उदाहरण होते. नाशिकला १८८९ मध्ये सुरू झालेली ट्राम नाशिकरोड स्टेशनावर उतरलेल्या माणसांना काही मैलांवरच्या शहरात पोचवत होती. ती १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, पण चाळीसेक वर्षे चालली. मुंबईच्या उपनगरांत असे काही झाले नाही, एक अपवाद सोडून.

हा अपवाद जवळजवळ विसरला गेला आहे. १९२८ साली ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’ या नावाने एक मार्ग उघडला. ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारा, सुमारे १३ किलोमीटरचा. ट्रामवे हे नाव असले तरी चालवत होती जीआयपी रेल्वे, म्हणून त्याला साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे असेही म्हणत. बेस्टच्या ट्रामशी त्याचा काही संबंध नव्हता. महत्त्व दुसऱ्या गोष्टीत आहे. मुंबईतले सगळे रूळ दक्षिणोत्तर जाणारे. हा मार्ग आडवा होता, पूर्वेला पश्चिमेशी जोडणारा. कुर्ल्याचा माणूस दादरला गाडी न बदलता थेट अंधेरीला जाऊ शकत होता.

सहा वर्षांत तो गुंडाळला गेला. १९३४ मध्ये सांताक्रूझच्या विमानतळासाठी जमीन हवी होती, आणि एवढ्या विरळ वस्तीतल्या गाडीसाठी भांडायला कोणी नव्हते. त्या वेळच्या हिशेबाने निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. प्रवासी नव्हतेच फारसे. पण वाहतुकीत प्रवासी आधी की गाडी आधी हा प्रश्न नेहमीच अवघड असतो, आणि या एका प्रसंगात तो सहा वर्षांतच निकालात काढला गेला. पुढे अंधेरी-कुर्ला रस्त्यावर कारखाने आले, मरोळची औद्योगिक वसाहत आली, साकीनाका आला. गाडीची गरज होती तेव्हा गाडी नव्हती.

शहरात तोवर वारे फिरले होते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, पालिकेने बेस्ट ताब्यात घेतली. करार झाला होता त्या तारखेला बरोबर बेचाळीस वर्षे होत होती. नावातल्या ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ आले, हे पुढचे लक्षण होते. १९५० मध्ये पालिकेची हद्द वाढली आणि अंधेरी, घाटकोपर मुंबईत आले. १९५७ मध्ये बोरिवली, मुलुंड आले. शहराचा आकार कितीतरी पटींनी वाढला. या नव्या मुंबईला वाहन द्यायचे तर रूळ कोण आणि किती टाकणार? बसला रस्ता पुरतो. आज इथून, उद्या तिथून, नवी वसाहत झाली की नवा क्रमांक. उपनगरे पालिकेत आली आणि ट्रामची शेवटची वकिली संपली, असे मला वाटते. गर्दी, मोटारी, रस्त्याच्या मधोमध अडून बसणारे रूळ, जुने झालेले डबे ही कारणे सांगितली गेली आणि ती खोटी नव्हती. पण ज्या वाहनाला निम्म्या शहरात जाताच येत नव्हते, त्यावर नवा पैसा घालायला कोणी तयार झाले नसते.

१९५३ पासून मार्ग एकामागून एक बंद होत गेले. कोणताही मोठा समारंभ नाही, एखाद्या रस्त्यावर डांबर चढायचे आणि रूळ खाली जायचे. ३१ मार्च १९६४ ला मात्र समारंभ झाला, लोकांनी केलेला. रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरसाठी शेवटची ट्राम सुटली तेव्हा डबा खच्चून भरला होता आणि रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसे उभी होती. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज सत्तरी पार करून बोरिवलीच्या कट्ट्यावर बसतात.

मधल्या काळात बेस्टने एक तडजोडही करून पाहिली. १९६२ मध्ये गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉली बस सुरू झाली. वर ट्रामसारख्या तारा, खाली बसची रबरी चाके. धूर नाही, खडखडाट नाही. ती १९७१ पर्यंत चालली आणि कोणाच्या फारशा स्मरणात न राहता गेली. आज विजेवरच्या बसचे कौतुक होते तेव्हा या ट्रॉली बसचे नाव निघत नाही, हे थोडे अन्यायाचे आहे.

उरले काय? फ्लोरा फाउंटनच्या परिसरात २०१७ मध्ये काम सुरू असताना डांबराखालून ट्रामचे रूळ वर आले, वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. आणिक आगारात बेस्टचे संग्रहालय आहे, तिथे ट्रामच्या प्रतिकृती, जुनी तिकिटे, यंत्रे बघायला मिळतात. उपनगरातून जायला ते अवघड नाही, आणि मुलांना घेऊन जावे असे आहे. पण मोठा अवशेष काचेच्या कपाटात नाही. तो घराघरांत येणाऱ्या विजेच्या बिलात आहे.

माहीमपर्यंत बिल बेस्टचे. खाडी ओलांडून वांद्र्याला आलात की बिल बदलते. १९०५ च्या परवान्याने वीज आणि ट्राम एकत्र बांधली होती, आणि तो परवाना शहरापुरता होता. म्हणून उपनगरांसाठी १९२९ मध्ये वेगळी कंपनी काढावी लागली, ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’. ती पुढे रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये अदानींकडे. भांडुप-मुलुंडकडे तर महावितरण आहे. एकाच महानगरपालिकेत विजेचे दर वेगवेगळे का, असा प्रश्न निवडणुकीच्या आसपास हमखास विचारला जातो. त्याच्या मुळाशी घोडे सोडून विजेवर गेलेली ट्राम आहे.

याला आणखी एक पीळ आहे. बेस्टच्या बसवाहतुकीचा तोटा विजेच्या उत्पन्नातून भरून काढायची रीत जुनी. एक काळ तर शहरातल्या वीजग्राहकांच्या बिलात त्यासाठी वेगळा आकार लावला जात होता. बस मात्र बोरिवलीलाही जाते, मुलुंडलाही जाते. म्हणजे परळच्या बिऱ्हाडातला पंखा फिरे तेव्हा मालवणीच्या बसच्या डिझेलला थोडा हातभार लागे. शहरवाले त्याविरुद्ध कुरकुरले, आणि त्यांची कुरकुर हिशेबाने बरोबर होती. उपनगरवाल्यांना त्याची फारशी जाणीव नव्हती. ट्रामने खाडी ओलांडली नाही, तिच्या जोडीदारणीचे पैसे मात्र गुपचूप ओलांडत राहिले.

आणि आडव्या रुळांचे काय झाले? साल्सेट ट्रामवे गेल्यावर पूर्वेहून अंधेरीला आडव्या रुळांवरून थेट जायची सोय परत यायला ८० वर्षे लागली. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानके, बरीचशी वाट त्याच मरोळ-साकीनाक्याकडून. पहिल्या दिवसापासून इतकी गर्दी की घाटकोपरच्या जिन्यांवर रांगा लावाव्या लागल्या. १९३४ मध्ये नसलेले प्रवासी आता ओसंडून वाहत होते.

ती मेट्रो बांधणाऱ्या कंपनीत मुख्य भागीदार रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर, आणि त्या वेळी अंधेरीला वीज पुरवत होती तीही रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच. १९०५ मध्ये इंग्रज कंपनीने शहरात जमवलेली वीज आणि रूळ यांची जोडी एका शतकानंतर उपनगरात पुन्हा एका हाती आली होती. भांडणही जुन्याच वळणाचे झाले. सार्वजनिक संस्थेला भाडे कमी हवे होते, खासगी कंपनीला गुंतवणूक वसूल करायची होती. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ९ ते १३ रुपये म्हणत होते, कंपनी १० ते ४०. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि २०१५ च्या जानेवारीपासून प्रवासी कंपनीचे भाडे भरू लागले. २०१८ मध्ये वीज विकली गेली. मेट्रो कंपनीकडेच राहिली.